आधी सूचीकाराचा शब्द शोधा, मग लेख

स. न. वि. वि.

मी समाजशास्त्रात एम. ए. करते आहे. लघुप्रबंधासाठी ‘रात्रपाळीत काम करणाऱ्यांची झोप’ हा विषय घेतला आहे. इंटरनेटवर शोधले तर लाखो निकाल येतात, पण दोन-तीन पानांनंतर तेच तेच. वर्गातल्या एका मैत्रिणीचा विषय माझ्या विषयाच्या जवळचा आहे, आणि आमच्या दोघींच्या संदर्भयाद्या जवळपास सारख्याच निघाल्या. जे सापडते ते सगळ्यांनाच सापडते. मॅडम म्हणाल्या, “हे संदर्भ वरवरचे आहेत. ग्रंथालयात बसून इंडेक्स बघ.” म्हणून गेले. संदर्भ विभागातले जाडजूड खंड उघडले, तर आत बारीक टाइपात नुसती लघुरूपे आणि आकडे. ‘स्लीप’खाली थोडेफार मिळाले, ‘नाइट शिफ्ट’ला काहीच नाही. मग डेटाबेसवर, म्हणजे लेखांच्या संगणकीय सूचीवर बसले, पण तिथेही मी आपली सर्चच करत राहिले. इंडेक्सचा, म्हणजे सूचीचा, नेमका उपयोग काय? तो खंड वाचायचा कसा? आणि शोध थांबवायचा कधी? हातात वेळ फार नाही.

— चक्रावलेली विद्यार्थिनी

नमस्कार,

‘जे सापडते ते सगळ्यांनाच सापडते’ या एका वाक्यात तुम्ही सगळे दुखणे सांगून टाकले आहे. सर्च इंजिन तुम्ही टाकलेल्या शब्दांशी जुळणारे मजकूर गोळा करते आणि त्यातले आधीच पुष्कळांनी पाहिलेले, उल्लेखलेले मजकूर वर आणते. दोघींनी सारखेच शब्द टाकले की याद्याही सारख्याच येणार. सूचीचे काम दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. तिथे कोणीतरी लेख हातात घेतलेला असतो, चाळलेला असतो आणि ‘हा लेख कशाबद्दल आहे?’ याचे उत्तर ठरवून तो त्या नावाखाली नोंदवलेला असतो. लेखकाने तो शब्द वापरला आहे की नाही, याच्याशी सूचीकाराला देणेघेणे नसते.

समजा, ‘दिवे विझत नाहीत’ अशा शीर्षकाचा एक लेख आहे. रुग्णालयातल्या परिचारिका पहाटे चारच्या सुमाराला किती दमलेल्या असतात आणि घरी गेल्यावर दिवसा त्यांना झोप का लागत नाही, हे त्यात आहे. शीर्षकात ना रात्रपाळी, ना झोप. सर्चमध्ये हा लेख तळाला जाईल किंवा येणारच नाही. चांगल्या सूचीत मात्र तो ‘परिचारिका’, ‘रात्रीचे काम’ आणि ‘थकवा’ अशा दोन-तीन ठिकाणी मिळेल. तुमच्या विषयावरचे निम्मेअधिक कामाचे लेखन मला असेच, भलत्याच शीर्षकांखाली दडलेले वाटते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे गैरसमज होईल. सगळ्याच सूची आज माणसे करत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या मेडलाइन या सूचीत २०२२ पासून लेखांना विषयशीर्षके देण्याचे काम मुख्यतः संगणक करतो आणि माणसे त्यातले निवडक तपासतात. पण ज्या शीर्षकांमधून संगणक निवड करतो ती यादी माणसांनीच बांधलेली आहे आणि माणसेच तिच्यात दरवर्षी भर घालतात. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते तिथेही लागू पडते.

आता ‘नाइट शिफ्ट’ला काहीच का मिळाले नाही ते बघू. तुम्ही तुमचा शब्द घेऊन गेलात आणि सूची तिच्या शब्दांत बोलते. एकाच गोष्टीला दहा लेखक दहा नावे देतात, म्हणून सूचीकार त्यातले एक नाव पक्के करतो आणि बाकीच्या नावांवरून त्या नावाकडे बोट दाखवतो. हे बोट म्हणजे ‘पाहा’ ही खूण, इंग्रजी खंडांत ‘सी’. ती दिसली की सरळ तिकडे जायचे, कारण तुम्ही शोधलेल्या नावाखाली काहीही ठेवलेले नसते. दुसरी खूण ‘हेही पाहा’, म्हणजे ‘सी ऑल्सो’. तिचा अर्थ असा, की इथे नोंदी आहेतच, शिवाय शेजारच्या या नावांखालीही आहेत. बहुतेक विद्यार्थी ही ओळ ओलांडून थेट नोंदींकडे जातात. मला विचाराल तर पानावरची सगळ्यात मोलाची ओळ तीच, कारण आपल्याला न सुचलेले शब्द सूचीकार तिथे फुकट देत असतो. ‘हेही पाहा’पुढची सगळी नावे उतरवून घ्या, मगच नोंदींकडे वळा.

खंड किंवा डेटाबेस उघडण्याआधी शीर्षकांची यादी उघडली तर आणखी बरे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या सूचीची अशी यादी असते. तिला थिसॉरस म्हणतात किंवा नुसते विषयशीर्षकांची यादी. वैद्यकाची यादी ‘मेश’ या नावाने ओळखली जाते. ती १९६० पासून चालू आहे आणि इंटरनेटवर कोणालाही बघता येते. तिच्यात तुमच्या विषयासाठी ‘वर्क शेड्यूल टॉलरन्स’ असे शीर्षक आहे. कामाच्या वेळांचा, पाळ्या बदलण्याचा शरीरावर आणि मनावर होणारा परिणाम त्याखाली येतो. सर्चच्या खिडकीत हे तीन शब्द तुम्ही आपणहून कधी टाकले असते का? पाळीच्या कामासाठी ‘शिफ्ट वर्क शेड्यूल’ हे वेगळे शीर्षक बरेच नंतर आले. म्हणजे जुने लेख हवे असतील तर पहिल्या शीर्षकाकडे जायलाच हवे. आणि झोपेचे जैविक घड्याळ बिघडण्याच्या विकारांसाठी तिसरेच शीर्षक आहे. पुस्तकांसाठी अनेक ग्रंथालये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची शीर्षके वापरतात. तिथे ‘नाइट वर्क’, ‘शिफ्ट सिस्टिम्स’ आणि ‘आवर्स ऑफ लेबर’ अशी तीन दारे आहेत. ‘नाइट शिफ्ट’ नाही, ‘नाइट वर्क’! एका शब्दाचा फरक, आणि तुम्ही रिकाम्या हाताने परत आलात.

शीर्षक माहीत नसेल तर उलट्या बाजूनेही जाता येते. विषयाला अगदी चपखल बसणारा एक लेख तुमच्याकडे असेलच. त्याची नोंद डेटाबेसमध्ये उघडा आणि खाली त्याला कोणती विषयशीर्षके दिली आहेत ते वाचा. त्यावर क्लिक केले की त्या शीर्षकाखालचे सगळे लेख समोर येतात. तुम्ही डेटाबेसवर बसूनही सर्चच करत राहिलात असे लिहिले आहे ना, तो चक्रव्यूह इथे फुटतो.

शब्दांबाबत आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे बहुतेक मार्गदर्शकही पुरेसे लक्ष देत नाहीत. शब्दांनाही वय असते. जैविक घड्याळाबद्दल आज कोणीही ‘सर्केडियन’ हा शब्द वापरते. फ्रान्झ हालबर्ग यांनी तो १९५९ मध्ये घडवला. त्याआधीच्या लेखनात हा शब्द मिळणे शक्यच नाही. पण अभ्यास तर चालूच होता. १९३८ मध्ये झोपेचे अभ्यासक नेथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचे सहकारी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेत केंटकीतल्या मॅमथ गुहेत जाऊन राहिले, सूर्य न दिसता २८ तासांचा दिवस शरीर स्वीकारते का हे बघण्यासाठी. त्या काळातले असे काम ‘डायर्नल रिदम’, ‘२४ तासांची लय’, ‘शरीराच्या तापमानातला चढउतार’ अशा नावांखाली विखुरलेले आहे. आजचा शब्द टाकून शोधणाऱ्याला वाटते की १९५९ च्या आधी कोणी याचा विचारच केला नव्हता, आणि लघुप्रबंधात तसे चक्क लिहिलेही जाते.

युद्धाचे उदाहरण तर याहून ठळक आहे. १९१४ ते १९१८ च्या युद्धाला त्या वेळी कोणी ‘पहिले महायुद्ध’ म्हणत नव्हते, कारण दुसरे अजून व्हायचे होते. त्या वर्षांच्या सूचींत ते ‘युरोपियन वॉर’ म्हणून येते. तुम्हाला हे लागणार आहे, म्हणूनच सांगते. ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत रात्रंदिवस काम सुरू झाले, तेव्हा कामगारांच्या प्रकृतीचा विचार करायला १९१५ मध्ये सरकारने एक समिती नेमली, हेल्थ ऑफ म्युनिशन वर्कर्स कमिटी. कामाचे लांबलेले तास, रात्रीचे काम, थकवा आणि उत्पादन यांचा तिने अभ्यास केला. तिचे काम पुढे नेण्यासाठी १९१८ मध्ये इंडस्ट्रियल फटीग रिसर्च बोर्ड स्थापन झाले. नावातच बघा, ‘झोप’ नाही, ‘फटीग’ म्हणजे थकवा आहे. त्या पिढीने तुमचा प्रश्न थकव्याचा प्रश्न म्हणून पाहिला. झोपेखाली शोधत बसलात तर ते सगळे दालन हातचे जाईल. अशा समित्यांचे अहवाल सरकारी प्रकाशनांत मोडतात आणि त्यांच्या सूची वेगळ्या असतात, हेही ध्यानात असू द्या. नियतकालिकांच्या सूचीत ते क्वचितच सापडतील.

तेव्हा वहीचे एक पान आडवे धरून त्यावर काळाचे तीन-चार टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याखाली त्या काळचे शब्द लिहीत जा. सुरुवातीला पान मोकळे दिसेल. प्रत्येक खंडातले ‘हेही पाहा’ त्यात भर घालत जाईल.

शब्दांइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कोणती सूची. तुमचा विषय समाजशास्त्राचा असला तरी तो राहतो चार-पाच घरांत. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या घरात तो १९०६ पासून आहे. त्या वर्षी स्त्रियांच्या रात्रीच्या औद्योगिक कामाला बंदी घालणारा करार बर्न येथे झाला. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच अधिवेशनात त्यावर करार केला, आणि १९९० च्या करारात स्त्री-पुरुष असा भेद न करता सगळ्याच रात्रपाळी कामगारांच्या संरक्षणाची भाषा आली. वैद्यकात तो झोपेचा विकार आहे. मानसशास्त्रात तो लक्ष आणि चुका यांचा प्रश्न आहे. कर्करोगाच्या अभ्यासातही तो आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैविक घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले आणि २०१९ च्या फेरआढाव्यातही रात्रपाळीला त्याच गटात ठेवले. प्रत्येक घराची सूची निराळी, तिची शीर्षके निराळी. समाजशास्त्रासाठी ‘सोशिऑलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ १९५२ पासूनची मिळते, मानसशास्त्रासाठी ‘सायकॉलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ १९२७ पासूनची, आणि या दोन्ही आज डेटाबेसच्या रूपात आहेत. वैद्यकाची ‘इंडेक्स मेडिकस’ जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये सुरू केली, मध्ये तिचे नाव आणि रूप बदलत राहिले, छापील अंक २००४ अखेर थांबले. तिचेच काम आता मेडलाइन करते आणि पबमेड या संकेतस्थळावरून ते मोफत पाहता येते.

सगळे काही संगणकावर आहे, मग छापील खंड कशाला, असे तुम्हाला वाटत असेल. याचे उत्तर सुरुवातीच्या वर्षात आहे. प्रत्येक डेटाबेस कुठल्या तरी वर्षापासून सुरू होतो आणि ते वर्ष पडद्यावर ठळक लिहिलेले नसते. मेडलाइनचा मुख्य भाग १९६६ पासूनचा आहे. मागच्या काळातल्या नोंदी नंतर जोडल्या गेल्या, पण त्या १९४० च्या दशकापर्यंतच पोचतात. १९१५ चे कारखाने हवे असतील तर जुन्या खंडांना पर्याय नाही. त्यातले बरेच खंड स्कॅन करून ठेवलेले मिळतात, पण ते वाचायची पद्धत छापील खंडाचीच. डेटाबेसने ‘शून्य निकाल’ म्हटले की आधी त्याचे सुरुवातीचे वर्ष बघा.

आता त्या बारीक टाइपाकडे येऊ. खंड उघडला की थेट ‘एस’ अक्षराकडे पळू नका. पहिली पाने बघा. तिथे तीन गोष्टी असतात. सूची कशी वापरावी याच्या सूचना, लघुरूपांची यादी, आणि या खंडात कोणकोणती नियतकालिके घेतली आहेत त्यांची यादी. ही तिसरी यादी मी सर्वांत आधी वाचते. जे नियतकालिक यादीत नाही त्यातला लेख कितीही गाजलेला असला तरी या सूचीत सापडणार नाही. शिवाय कोणत्या देशांतली, कोणत्या भाषांतली नियतकालिके निवडली आहेत हे तिथेच उघड होते. बहुतेक मोठ्या सूची इंग्रजीकडे झुकलेल्या आहेत. कामगारांनी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या मुखपत्रांत जे लिहिले ते त्यांत फारसे येत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने हे लघुप्रबंधात एका परिच्छेदात नोंदवायलाच हवे, आणि त्या त्या भाषेच्या ग्रंथसूचींकडेही वळायला हवे.

सर्वसाधारण नियतकालिकांसाठी विल्सन कंपनीची ‘रीडर्स गाइड’ १९०१ मध्ये सुरू झाली. तिच्या पद्धतीची एक नोंद आपण मराठी अक्षरांत मांडून बघू. नोंद मी बनवलेली आहे, पण तिची ठेवण खरी आहे.

नाइट वर्क
पहाटेची पाळी आणि चुका. अ. ब. क. आयएल बिब्ल-एफ इंड हेल्थ ४३:२१७-३१+ जेई ’३१

पहिल्या ओळीत ठळक असते ते विषयशीर्षक. मग लेखाचे नाव, मग लेखक. ‘आयएल’ म्हणजे लेखात चित्रे आहेत. ‘बिब्ल-एफ’ म्हणजे तळटीपांत संदर्भ दिलेले आहेत. ‘इंड हेल्थ’ हे नियतकालिकाचे लघुरूप. ते पूर्ण काय आहे याचा अंदाज करू नका, खंडाच्या सुरुवातीच्या यादीत बघा, कारण सारखी दिसणारी लघुरूपे वेगवेगळ्या नियतकालिकांची असतात आणि चुकीचा खंड मागवण्यात सकाळ जाते. ४३ हा खंड क्रमांक, विसर्गासारख्या खुणेनंतर पाने, २१७ ते २३१. अधिक चिन्हाचा अर्थ, लेख तिथे संपत नाही, त्याच अंकाच्या शेवटच्या पानांवर कुठेतरी चालू आहे. झेरॉक्स काढताना हे अधिक चिन्ह विसरले की लेखाचे शेपूट राहून जाते, आणि निष्कर्ष बहुधा त्यातच असतो. ‘जेई’ म्हणजे जून, ‘जेएल’ असेल तर जुलै, ‘एमवाय’ म्हणजे मे. शेवटी वर्ष, १९३१.

या नोंदीत तुमच्या सगळ्यात कामाचे काय, तर ‘बिब्ल’. दोन लेखांतून एकच मागवायचा असेल तर ज्याच्यापुढे ‘बिब्ल’ आहे तो मागवा. कोणीतरी तुमच्याआधी त्याच रस्त्याने गेले आहे आणि वाटेत जे भेटले ते लिहून ठेवले आहे. डेटाबेसमध्ये हेच काम ‘रिव्ह्यू’ या गाळणीने होते. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेखच तेवढे वेगळे निघतात. सुरुवात शक्यतो अशा लेखापासून करावी.

एकोणिसाव्या शतकात जायची वेळ आलीच तर विल्यम फ्रेडरिक पूल यांची सूची बघाल. येल कॉलेजात शिकत असताना, १८४८ मध्ये, त्यांनी पहिली छोटी सूची काढली, आणि पुढे अनेक ग्रंथालयांच्या मदतीने १८८२ मध्ये तिची मोठी आवृत्ती आली. तीत नोंदी विषयानुसार आहेत, लेखकाच्या नावावरून शोधता येत नाही. आणि नोंदीत खंड व पान असते, पण वर्ष नसते! वर्ष काढायला त्याच सूचीतला तक्ता वापरावा लागतो. कुठला खंड कुठल्या साली निघाला हे त्यात दिलेले आहे. हे माहीत नसल्यामुळे विद्यार्थी अर्धवट संदर्भ लिहून मोकळे होतात.

खंडांबद्दल शेवटचे एक. मासिक अंक, मग वर्षाचा एकत्रित खंड, कधी कधी पाच वर्षांचा एकत्रित खंड, असे सूचीचे थर असतात. एकत्रित खंड उपलब्ध असेल तर सुटे अंक उघडू नका, त्यांतल्या नोंदी त्यात आलेल्या असतात. सुटे अंक फक्त चालू वर्षासाठी.

आणखी एका प्रकारची सूची आहे आणि तुमच्या विषयाला ती फार उपयोगी पडेल. उद्धरण सूची, म्हणजे सायटेशन इंडेक्स. ती विषयशीर्षकांवर चालत नाही. ‘हा लेख नंतर कोणी कोणी संदर्भाला घेतला?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर ती देते. ही कल्पना वकिलांची. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून, एखाद्या जुन्या निकालाचा पुढच्या कोणत्या निकालांत आधार घेतला गेला किंवा तो फिरवला गेला, याची नोंद ठेवायला सुरुवात केली. युजीन गारफिल्ड यांनी तीच रीत विज्ञानाला लावायचा प्रस्ताव १९५५ मध्ये मांडला आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आला. आज वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर हे काम करतात. गूगल स्कॉलरमध्ये प्रत्येक नोंदीखाली ‘सायटेड बाय’ लिहिलेले असते, ते हेच.

लेखाच्या शेवटी दिलेल्या संदर्भांवरून तुम्ही मागे जाता, ‘सायटेड बाय’वरून पुढे येता. विषयातला एखादा जुना, पायाभूत लेख घ्या आणि त्याच्यापुढे कोण कोण आले ते बघा. विषयशीर्षकाची भानगडच नसल्यामुळे भलत्याच शाखांतले लोक इथे भेटतात. विमान उड्डाणाचे अभ्यासक, अपघातांचे अभ्यासक, पोलिस दलांवर काम करणारे, असे सगळे. तुमच्या मैत्रिणीच्या यादीपेक्षा तुमची यादी वेगळी होण्याची सुरुवात मला वाटते इथूनच होईल. पण एक सावधगिरी बाळगा. संदर्भाला घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. खोडून काढण्यासाठी घेतलेला संदर्भही तिथे तितकाच मोजला जातो. ‘इतक्या जणांनी उल्लेख केला, म्हणजे बरोबरच असणार’ असे लिहू नका, त्या उल्लेखांपैकी काही उघडून वाचा.

पुस्तकाच्या शेवटी असते ती शब्दसूचीही विसरू नका. पाचशे पानांच्या ग्रंथात तुमच्या विषयावर सलग आठ पाने आहेत की इकडेतिकडे एकेक उल्लेख, हे ती एका नजरेत सांगते. सलग पाने असतील तर पुस्तक घ्या, सुटे आकडे असतील तर उभ्याउभ्याच बघून ठेवून द्या.

नोंद सापडली म्हणजे लेख सापडला असे होत नाही, आणि इथे बरेच जण खचतात. सूची काय काय छापले गेले ते सांगते. ते तुमच्या ग्रंथालयात आहे की नाही हे कॅटलॉग सांगतो. नियतकालिकाचे पूर्ण नाव आणि हवा तो खंड कॅटलॉगमध्ये तपासा. नसेल तर संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांकडे जा. दुसऱ्या ग्रंथालयातून मागवण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते, पण वेळ लागतो, म्हणून ही मागणी पहिल्याच आठवड्यात करा. जाताना ‘मला झोपेवर काहीतरी हवे आहे’ असे सांगू नका. कोणते शीर्षक, कोणत्या सूचीत, कोणत्या वर्षांपर्यंत पाहिले आणि कुठे अडले, हे सांगा. एवढी तयारी करून आलेल्या विद्यार्थ्यासाठी ग्रंथपाल आपणहून चार खंड काढून देतात.

आणि कळकळीची विनंती आहे, गोषवारा वाचून लेखाचा संदर्भ देऊ नका. गोषवाऱ्यात निष्कर्ष असतो, पण किती जणांवर, कोणत्या पाळीत, किती दिवस हे बघितले याचे तपशील त्यात बहुधा नसतात. लेख मिळालाच नाही तर तो यादीत घालू नका, किंवा कोणाच्या लेखातून तुम्हाला तो कळला ते स्पष्ट लिहा. वरवरचे संदर्भ, असे तुमच्या मॅडम म्हणाल्या, त्यांत हाही प्रकार आला असावा असा माझा अंदाज आहे.

आता, थांबायचे कधी. त्यासाठी पहिल्या दिवसापासून हिशेब ठेवावा लागतो. सूचीचे नाव, शीर्षक, वर्षे आणि किती कामाचे मिळाले, असे चार रकाने पुरेत. काहीच मिळाले नाही तर तेही लिहा, म्हणजे आठवड्याने तोच खंड पुन्हा उघडला जाणार नाही. नव्या सूचीत, नव्या शीर्षकाखाली गेल्यावर आधीच वहीत असलेलेच लेख पुन्हा पुन्हा दिसू लागले की त्या दिशेचा शोध पुरे झाला. मात्र हे एकाच डेटाबेसमध्ये होत असेल तर त्याला पुरे म्हणू नका. निदान दोन वेगळ्या शाखांच्या सूची आणि एक उद्धरण सूची यांत तसे दिसायला हवे. वेळ कमी आहे म्हणता, तर विषयालाच कात्री लावा. ‘रात्रपाळीत काम करणाऱ्यांची झोप’ हा विषय एका लघुप्रबंधाला फार मोठा आहे. फक्त परिचारिका घ्या, किंवा फक्त १९१५ ते १९३९ हा काळ घ्या. सूचींच्या भाषेत सांगायचे तर दोन शीर्षके जिथे एकमेकांना छेदतात तेवढाच तुकडा उचला. किती नोंदी मिळतात हे बघूनच कोणता तुकडा पेलवेल ते ठरवता येईल, आणि हे ठरवायलाही सूचीच उपयोगी पडते.

मॅडमना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा लेखांच्या यादीआधी ते आडवे पान, काळानुसार लिहिलेल्या शीर्षकांचे, त्यांच्यापुढे ठेवा. त्यांना या क्षेत्राचा अनुभव आहे. तुमच्या पानावर नसलेला एखादा शब्द त्या चटकन सांगतील. तो त्याच दिवशी खंडात बघून घ्या.